फोर्सिथ वाचून संपला, आता पुढे कोण?

आडवाटेचा_वाचक
नमस्कार मंडळी. 'द डे ऑफ द जॅकल'पासून सुरुवात केली आणि मग थांबलोच नाही. 'ओडेसा फाइल', 'डॉग्ज ऑफ वॉर', 'फोर्थ प्रोटोकॉल', 'फिस्ट ऑफ गॉड', मधल्या कथा, २०१५चं आत्मचरित्र 'द आउटसायडर', शेवटी २०१८चं 'द फॉक्स'. फ्रेडरिक फोर्सिथ ९ जून २०२५ला गेले, वयाच्या ८६व्या वर्षी. म्हणजे आता त्यांच्या एकट्याच्या हातचं नवीन काही येणं नाही.

प्रश्न सरळ आहे, पुढे कोण? पण एक अट. मला नुसता वेग नकोय. दर तीन पानांनी कलाटणी देणारी पुस्तकं पैशाला पासरी मिळतात. लुडलम सुरू केला होता, नायकाची स्मृती परत यायच्या आत माझाच धीर सुटला. मला आवडतं ते असं: फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी घेतलेला जॅकल इंग्लंडमधल्या गावोगावच्या दफनभूमी हिंडतो, लहानपणी वारलेल्या आणि जगता तर साधारण आपल्याच वयाचा असता अशा मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला मागवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. अख्खी पानंच्या पानं कारकुनी कामं चालू असतात आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. असं कोण लिहितं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

किंग्जसर्कलचा_किडा
जॉन ल कारे. विषय संपला.

खवचट_काका
ल कारेवर विषय संपत नाही, डोळा लागतो. हलके घ्या.

मृण्मयी_ग
काका, 😀
पण किडाभाऊ, मागणी काय आणि तुम्ही देताय काय? ल कारे थोर आहेच, पण त्याच्याकडे दोन माणसं टेबलाशी बसतात, चहा गार होतो आणि कोणी कोणाला विकलं हे आपण त्यांच्या न बोलण्यावरून ओळखायचं. फोर्सिथकडे तीच दोन माणसं बसली तर टेबलावरची फाइल कुठल्या खात्यातून आली, तिच्यावर कोणाची सही आहे आणि ती सही मिळायला किती दिवस लागले, हे आधी कळतं. दोघंही हेरगिरीवर लिहितात म्हणून एका फळीवर ठेवायचे, हे दुकानदाराचं काम. तरी एक ल कारे वाचायचाच असेल तर १९६३चं 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' घ्या. लहान आहे आणि त्यातला डाव फोर्सिथच्या तोडीचा घट्ट विणलेला आहे.

निवृत्त_नभचर
फोर्सिथबद्दल चार ओळी लिहायचा मोह आवरत नाही, विषय सोडून वाटलं तर माफ करा.

जन्म केंटमधल्या ॲशफर्डचा, १९३८. वडलांचं फरच्या कपड्यांचं दुकान. पोराला फक्त विमान उडवायचं होतं. एकोणीस-वीसच्या वयात रॉयल एअर फोर्समध्ये व्हँपायर जेट उडवली. (व्हँपायर आपल्याकडेही होती. १ सप्टेंबर १९६५ला छांबच्या लढाईत पहिल्याच दिवशी आपली चार गेली, तोवर ती पार जुनाट झालेली होती.) मग हवाई दल सोडून नॉर्फकमधल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदारी, १९६१मध्ये रॉयटर्स ही वृत्तसंस्था, आधी पॅरिस, मग पूर्व बर्लिन. पॅरिसला असताना द गॉल यांच्या मागे सतत वार्ताहरांचा जथा असायचा, कारण न जाणो आजच कोणी गोळी घातली तर! २२ ऑगस्ट १९६२ला पेती-क्लामारला गाडीवर खरोखरच गोळीबार झाला. 'जॅकल'ची सुरुवात तिथूनच आहे.

बर्लिनचा किस्सा तर नामी आहे. १९६४मध्ये एका रात्री रस्त्यावरून रणगाडे आणि तोफा सीमेच्या दिशेने जाताना दिसले. गड्याने धडाधड बातमी पाठवली. युद्ध पेटतंय की काय म्हणून तिकडे वरपर्यंत धावाधाव. निघाली मे दिनाच्या संचलनाची रंगीत तालीम.

तुम्ही 'द शेफर्ड' वाचलंय का? यादीत दिसलं नाही. १९७५चं, तासाभरात होणारं. १९५७चा नाताळ, रात्रीची वेळ, जर्मनीहून घरी निघालेला व्हँपायरचा तरुण वैमानिक, उत्तर समुद्रावर धुकं, आणि एकेक करून यंत्रं बंद पडतात. आधी होकायंत्र, मग रेडिओ. कुठल्या क्रमाने काय बंद पडतं आणि वैमानिक त्यावर काय करतो, हे ज्याने कॉकपिटमध्ये रात्र काढली आहे त्यालाच असं लिहिता येतं. धुक्यात सापडलेलं विमान रडारवर दिसावं म्हणून तो मुद्दाम त्रिकोणात घिरट्या घालतो, ते पान मी नातवाला वाचून दाखवलं आहे.

लाल_पेन
सगळे आरती ओवाळताय म्हणून जरा पाणी टाकतो.

फोर्सिथचे पहिले तीन थ्रिलर उत्तम, १९७१, ७२, ७४. त्यानंतर हळूहळू कादंबरीचा अहवाल होत गेला. 'कोब्रा' वाचताना सरकारी टिपण वाचतोय असं वाटतं, फक्त खाली 'सादर' लिहायचं राहिलंय. माणसं पुठ्ठ्याची. जॅकलला स्वभाव नाही हे चालून जातं, कारण तो कोण हे कोणालाच कळू नये हाच त्या गोष्टीचा गाभा आहे. पण पुढच्या पुस्तकांतल्या नायकांनाही स्वभाव नाही, त्याचं काय?

दुसरं, बायफ्रा, नायजेरियातून फुटून निघालेला प्रांत. १९६७ला बीबीसीने नायजेरियाच्या यादवीत पाठवलं, तिथे साहेबांचं बीबीसीशी बिनसलं, नोकरी सोडली आणि स्वतःच्या जिवावर परत गेले. हिंमत आहे, मान्य. उपासमारीने मेलेली मुलं त्यांनी पाहिली आणि ब्रिटिश सरकारला शेवटपर्यंत माफ केलं नाही, हेही समजतं. पण मग बायफ्राचा नेता ओजुकवू याच्याशी दोस्ती, त्याचं चरित्रही लिहिलं. एवढी एक बाजू घेतलेला माणूस आपल्या कादंबऱ्यांत 'मी फक्त घडलं ते सांगतोय' असा सूर लावतो, तेव्हा मला मिठाची बरणी लागते.

खवचट_काका
लाल पेनशेठ, तुम्हाला स्वभाव असलेला मारेकरी हवाय? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाठवून देतो.

हॅम्बुर्गची_मावशी
लाल पेन, बरोबर आहे तुमचं, पण 'अहवाल' ही तक्रार मी स्तुती म्हणून घेईन. मी राहते त्या शहरात 'ओडेसा फाइल' सुरू होतं. २२ नोव्हेंबर १९६३, केनेडींच्या हत्येची बातमी गाडीच्या रेडिओवर येते, वार्ताहर पीटर मिलर गाडी कडेला घेतो, तेवढ्यात शेजारून रुग्णवाहिका जाते आणि तो सवयीने तिच्यामागे लागतो. बातमी ऐकायला थांबला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. मग एका म्हाताऱ्या ज्यू माणसाची डायरी, रिगाचा छळछावणीवाला एदुआर्द रोशमान. हा रोशमान खरा होता. पुस्तक आलं १९७२ला, सिनेमा १९७४ला, तेव्हा तो दक्षिण अमेरिकेत नाव बदलून जिवंत होता. १९७७मध्ये अर्जेंटिनातून पॅराग्वेत पळाला आणि तिथेच मेला.

हॅम्बुर्गचा अजून एक किस्सा आत्मचरित्रात आहे, धागाकर्त्याला आठवत असेल. 'डॉग्ज ऑफ वॉर'साठी शस्त्रांचा काळा बाजार कसा चालतो हे बघायला साहेब दक्षिण आफ्रिकन गिऱ्हाईक बनून इथल्या दलालाकडे गेले. आणि एका पुस्तकाच्या दुकानात लागली होती 'जॅकल'ची जर्मन आवृत्ती, मागे लेखकाचा भलाथोरला फोटो! दलालाने पाहिला. हॉटेलवर फोन आला, आत्ताच्या आत्ता नीघ. पासपोर्ट आणि पैसे उचलले, सामान तिथेच टाकलं, स्टेशनवर पळाला आणि सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून आत उडी. इथल्या स्टेशनवर उभी असले की हटकून आठवतं.

किंग्जसर्कलचा_किडा
मावशी, भारी! खिडकीतून उडी म्हणजे आपला गडी ठाणे लोकलचा.

आडवाटेचा_वाचक
सगळ्यांचे आभार. 'शेफर्ड' मागवलं. लाल पेन, नंतरच्या पुस्तकांबद्दल तुमचं पटतं, 'कोब्रा' मीही दात-ओठ खात संपवलं. पण त्यासाठी हा माणूस सत्तरीत गिनी-बिसाऊला गेला होता, कोकेन युरोपात कसं शिरतं ते बघायला. मार्च २००९. पोचतो न पोचतो तोच आधी लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात, मग राष्ट्राध्यक्ष गोळीबारात, दोघंही उडाले. पुस्तक फसलं असेल, पण खुर्चीत बसून फसलं नाही.

अजून माझा प्रश्न तसाच आहे हां. ल कारेपलीकडे कोणी सरकेल का?

संध्या_वाचते
मी सरकते. पण आधी तक्रार. फोर्सिथच्या पुस्तकांत बायका कशासाठी असतात? शयनगृह आणि मग शवागार. 'जॅकल'मधली ती बॅरोनेस आठवा. शंभर पानं बंदुकीच्या स्क्रूवर आणि बाईच्या वाट्याला दोन संध्याकाळी. लाल पेन म्हणतात तो पुठ्ठा, पण तोही पातळ.

म्हणून माझी पहिली शिफारस केन फॉलेट, 'आय ऑफ द नीडल', १९७८. जर्मन हेराला कळतं की इंग्लंडच्या पूर्व भागात दिसणारं प्रचंड सैन्य खोटं आहे, लाकडी विमानं आणि फुगवलेले रणगाडे. ही बातमी हिटलरपर्यंत गेली तर नॉर्मंडीत सैन्य उतरवायचा दोस्तांचा बेत फसला. आणि सगळं येऊन ठेपतं एका निर्जन बेटावर, ल्यूसी नावाच्या बाईवर. ती काय करते ते सांगत नाही, पण फोर्सिथने ते कधीच लिहिलं नसतं.

दुसरी शिफारस स्टेला रिमिंग्टन. एमआय५ या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर खात्याची पहिली स्त्री प्रमुख. आणि गंमत म्हणजे बाईंची सुरुवात आपल्या दिल्लीत झाली. नवरा उच्चायुक्तालयात होता, तिथल्या एमआय५च्या माणसाला कारकुनी मदत हवी होती, १९६७ची गोष्ट. निवृत्त झाल्यावर २००४मध्ये 'ॲट रिस्क'पासून कादंबऱ्या. भाषा सपाट आहे, पण कार्यालयातलं राजकारण, कुठली माहिती कोणी कोणापासून दाबून ठेवली, हे अगदी आतलं आहे. बाईही २०२५मध्येच गेल्या, ऑगस्टमध्ये.

लाल_पेन
संध्याताई, +१. ल्यूसीसाठी तरी वाचावंच.

पिंपळपान
मला एक कळत नाही. 'जॅकल'मध्ये शेवटी काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, मग त्यात रहस्य ते काय? मी म्हणूनच कधी हातात घेतलं नाही.

खवचट_काका
पिंपळपान, सांभाळून, कोणी शेवट फोडेल. बरं मीच फोडतो. द गॉल नोव्हेंबर १९७०मध्ये स्वतःच्या घरी पत्ते मांडत बसले असताना गेले. रक्तवाहिनी फुटून.

दप्तरदार
पिंपळपान यांचा प्रश्न थट्टेवारी नेऊ नका, या धाग्याचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं.

१९७०च्या जानेवारीत फोर्सिथकडे ना नोकरी ना पैसे. मित्राच्या घरी मुक्काम, जुना टाइपरायटर. ३५ दिवसांत 'जॅकल' लिहून काढलं. प्रकाशकांनी एकामागून एक नकार दिले, आणि कारण नेमकं तुमचंच. द गॉल तर जिवंत आहेत, मारेकरी फसतो हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक, मग तो वाचेल कशाला? हचिन्सनने धाडस केलं, १९७१ला पुस्तक आलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत रहस्यकथांचा एडगर पुरस्कार, १९७३मध्ये झिनेमानचा सिनेमा. प्रकाशकांचा प्रश्न रास्त होता, फक्त फोर्सिथने गोष्ट दुसरीकडे वळवली. मारतो का, हा प्रश्नच नाही. किती जवळ पोचतो आणि कसा, हा आहे. शेवट बंद करून टाकल्यावर वाचकाचं सगळं लक्ष पायऱ्यांवर जातं. म्हणून पासपोर्ट, म्हणून ब्रसेल्सचा तो बंदूक बनवणारा, म्हणून आर्देनच्या जंगलात खरबुजावर माणसाचा चेहरा रंगवून नेम तपासणं. ही वर्णनं मध्ये सजावट म्हणून आलेली नाहीत, शेवट काढून घेतल्यावर पुस्तकात तेवढंच उरतं. नंतरच्या पुस्तकांत तपशील तेवढाच राहिला, पण शेवट उघडा झाला, आणि मग तोच तपशील लाल पेन यांना अहवाल वाटू लागला. माझ्या मते तरी बिघाड तिथे आहे.

तेव्हा आडवाटेचे वाचक, तुम्ही हेरकथा शोधू नका. शेवट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी शोधा. संध्याताईंचं 'आय ऑफ द नीडल' त्यातलंच, नॉर्मंडी झालं हे कोणाला माहीत नाही? जॅक हिगिन्सचं 'द ईगल हॅज लँडेड' (१९७५) तसंच, चर्चिलला पळवायला जर्मन छत्रीधारी नॉर्फकच्या खेड्यात उतरतात. चर्चिलला कोणी पळवलं नाही, तरी घाम फुटतो.

आणि माझ्या मते खरा वारस रॉबर्ट हॅरिस. 'फादरलँड' नंतर वाचा, आधी 'ॲन ऑफिसर अँड अ स्पाय', २०१३. द्रेफ्यूस प्रकरण, म्हणजे हेरगिरीचा खोटा आरोप झालेला फ्रेंच ज्यू अधिकारी. तो निर्दोष होता हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण हॅरिस तुम्हाला पिकार या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवतो. पॅरिसच्या जर्मन वकिलातीत झाडलोट करणारी बाई केराच्या टोपलीतले कपटे पोत्यात भरून फ्रेंच गुप्तहेर खात्याला आणून देते, आणि कारकून ते चिकटपट्टीने जोडत बसतात. त्यातल्या अक्षराचं वळण दुसऱ्याच माणसाच्या अक्षराशी जुळतं, हे पिकारला दिसतं. इथून पुढे त्याचेच वरिष्ठ त्याच्या जिवावर उठतात. कारकुनी थरार हवा होता ना? हा घ्या.

मागे जायचं असेल तर जेफ्री हाउसहोल्ड, 'रोग मेल', १९३९. एक इंग्रज शिकारी एका हुकूमशहावर दुर्बिणीतून नेम धरतो आणि पकडला जातो. हे पहिल्याच पानांत. उरलेलं पुस्तक पाठलाग, आणि डॉर्सेटमधल्या एका खोल पायवाटेच्या कडेला बीळ खणून राहिलेला माणूस. 'जॅकल'चा आजोबा म्हणा.

आडवाटेचा_वाचक
दप्तरदार, दंडवत! वाचनखूण साठवली.

पिंपळपान
पटलं. 'जॅकल' घेते. सिनेमा आधी बघू की नंतर?

किंग्जसर्कलचा_किडा
नंतर, आणि १९७३चाच. ब्रूस विलिसवाला चुकूनही नको. २०२४ची मालिका वेगळीच गोष्ट आहे, नाव तेवढं तेच. मल्याळममध्ये मम्मूटीचा 'ऑगस्ट १' आहे, १९८८चा, त्याच बेतावर. सबटायटल मिळाली तर सोडू नका.

कातळसडा
उशिरा आलो, पण 'नो कमबॅक्स'चं नाव कोणीच कसं काढलं नाही? १९८२चा कथासंग्रह. त्यातली 'देअर आर नो स्नेक्स इन आयर्लंड' या कथेला १९८३चा एडगर मिळाला. नायक पंजाबातला, बेलफास्टला डॉक्टरकी शिकणारा हरकिशन राम लाल. फीचे पैसे जमवायला इमारत पाडायच्या कामावर लागतो. मुकादम त्याचा रोज अपमान करतो. मग तो बदल्यासाठी मुंबईला येतो आणि घेऊन जातो... फुरसं!

आम्ही रत्नागिरीकर हे वाचून खुर्चीतून उठलो होतो. जगातल्या एवढ्या सापांत साहेबाने आमचं फुरसं निवडलं! आणि निवड अचूक आहे. हातभर लांबीचा साप, मातकट रंग, जांभ्याच्या दगडाखाली मुटकुळं करून बसला तर दिसत नाही. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो, खर्र्र असा करवतीसारखा आवाज, आणि बसल्या जागेवरून झेप. विष रक्तावर काम करतं, आतल्या आत रक्तस्राव. कथेत नेमका याच गोष्टीचा उपयोग केलाय, कारण आयर्लंडमधल्या डॉक्टरला साप सुचणारच नाही. आणि पुढे शेवटी ते फुरसं

मृण्मयी_ग
थांबा! शेवट फोडू नका, मी वाचलेली नाही.

खवचट_काका
घ्या, द गॉलचा शेवट चालतो, फुरशाचा चालत नाही.

निवृत्त_नभचर
कातळसडा, आमच्या लहानपणी आजोळी दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठी, असा दंडक होता. सर्पदंशावरची लस परळच्या हाफकिन संस्थेची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच.

पिंपळपान
धागा सर्पमित्र विभागात हलवावा ही विनंती 😀

लाल_पेन
अवांतर चाललंच आहे तर विचारतो, मराठीत असं कोण आहे? बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन. सगळं शाळेत दप्तरात लपवून वाचलं. वेग आहे, ऐट आहे, शिरवळकरांचे संवाद तर आजही झकास. पण काम 'कसं' होतं, ते नाही.

दप्तरदार
लाल पेन, त्याला पैसे लागतात. हजाराची आवृत्ती काढणारा प्रकाशक लेखकाला मोगादिशूचं तिकीट कुठून काढून देणार? फोर्सिथ 'किल लिस्ट'साठी तिथे गेले होते. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांना गिरगावाबाहेर जायला तरी उसंत कधी मिळाली असेल? तरी कच्चा माल आपल्याकडे भरपूर आहे. मुंबई बंदरातली सोन्याची तस्करी घ्या. बिस्किटं जाकिटात कशी शिवायची, गोदीत कोणाची पाळी कधी बदलते, हे कोणीतरी शांतपणे लिहायला हवं होतं.

संध्या_वाचते
तोवर अनुवादांवर भागवा. रवींद्र गुर्जरांचं 'पॅपिलॉन' आमच्या घरी तीन पिढ्यांनी वाचलंय. थ्रिलर नाही, पण तुरुंगातून पळायचे बेत त्यात असे काही रचलेत की धागाकर्त्याची अट पुरी होईल.

आडवाटेचा_वाचक
हिशेब देतो. 'शेफर्ड' वाचलं, नभचर काकांना सलाम, त्रिकोणाचं पान दोनदा वाचलं. हॅरिस निम्मा झालाय. तो कपटे जोडायचा प्रसंग दप्तरदारांनी सांगितला त्याहून सरस आहे, कारण पुढे कळतं की याच जोडकामात खोटेपणाही करता येतो. जोडलेल्या कागदाच्या रेघा जुळत नाहीत, आणि त्यावरून एक बनावट पत्र उघडं पडतं. पिकारला मात्र फोर्सिथच्या माणसांपेक्षा जास्त रक्तमांस आहे, लाल पेन यांनी वाचून बघावं. एक फरक जाणवला. फोर्सिथ मला प्रत्येक खोलीत नेतो, मारेकऱ्याच्याही आणि मंत्र्याच्याही. हॅरिस एकाच माणसाच्या खांद्यावरून दाखवतो. पोलीस आणि चोर दोघंही समोर दिसण्याची ती मजा अजून कोणी देतं का?

दप्तरदार
तीच मजा हवी तर हॅरिस संपल्यावर 'आय ऑफ द नीडल' लगेच घ्या, त्यात हेर आणि त्याच्या मागावरचे दोघं आलटून पालटून येतात. त्यानंतर जेराल्ड सेमूरचं 'हॅरीज गेम', १९७५. हाही आधी टीव्हीचा बातमीदार. बेलफास्ट, एक मारेकरी, त्याच्या मागावर वेष पालटून पाठवलेला सैनिक. दोघांच्याही घरात आपण असतो, आणि त्यातला एक मरावा असं कोणाबद्दलच वाटत नाही.

कातळसडा
बेलफास्ट म्हटलं की फुरसं आलंच.

मृण्मयी_ग
'नो कमबॅक्स' मिळालं! फोर्टच्या फुटपाथवर, पहिलं पान फाटकं, बाकी शाबूत. कातळसडा, रविवारपर्यंत तोंड बंद ठेवा, मग तुमचा शेवट ऐकते.